तिन्ही दिवे लागले पाहिजेत

१ जुलै २०२५, मंगळवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. डायरी मागच्या वर्षीची आहे, बियाणेवाल्यानं फुकट दिलेली. तारखा चालतात, वार खोडून लिहायचे. मोठं काम हातात घेतलेल्या माणसानं नोंद ठेवावी असं माझं मत आहे. कुणाला दाखवायची नाही. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात.

मोठं काम म्हणजे विमान. निवृत्तीभाऊंनी विमान आणलं. दुसरबीडमध्ये त्यांच्याएवढी जमीन कुणाची नाही, आणि आता समृद्धी महामार्गावरून उतरणाऱ्या गाड्यांसाठी त्यांनी फॅमिली गार्डन हॉटेल काढलंय. दोन माणसांचं जुनं विमान, कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग स्कूलच्या लिलावातलं. उडणार नाही. पंख अर्धे कापलेत, नाहीतर ट्रकमध्ये बसत नव्हतं. हॉटेलसमोर उभं राहणार, पण इंजिन चालू झालं पाहिजे, समोरचा पंखा फिरला पाहिजे, म्हणजे लोक फोटो काढतील आणि जेवतील.

आतली वायरिंग उंदरांनी खाल्ली आहे. निवृत्तीभाऊ म्हणाले, मोतीराम, तू पंचवीस वर्षं झाले विहिरीच्या मोटरी भरून राह्यला, हे बी मोटरच हाय, फक्त पंखा बाहेर. मी हो म्हणालो. उद्घाटन १५ ऑगस्टला. दीड महिना म्हणजे खूप झाला.

३ जुलै, गुरुवार. सकाळी ११.

विमानाची पाहणी. इंजिनाला पेट्रोल देणारे दोन पंप. एक इंजिनच्या जोरावर फिरतो, दुसरा बॅटरीवर, इंजिन सुरू व्हायच्या आधी पेट्रोल चढवायला. समोरच्या पाटीवर तीन छोटे दिवे: ऑइल, पेट्रोल, चार्जिंग. झालं, एवढंच. आमच्याकडे विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत याहून जास्त सामान असतं.

सोबत मॅन्युअल आलंय. २१४ पानं, इंग्रजी. उघडलं नाही. मॅन्युअल नवशिक्यांसाठी असतं. आत डोकावायला उंची कमी पडत होती, तेव्हा तेच पायाखाली घेतलं.

६ जुलै, रविवार. दुपारी ३.

घरात कट शिजत होता आणि मला वासही नाही. प्रतीक्षाला नागपूरहून पत्र आलं. विमान देखभालीच्या कोर्सला ॲडमिशन. १८ ऑगस्टला हजर व्हायचं, वडिलांची सही घेऊन. फॉर्म तिनं हिवाळ्यातच भरला होता. परीक्षेला गेली तेव्हा मला सांगितलं की मलकापूरला मामाकडे जाते. विमलला सगळं माहीत होतं. बायको असून.

पोरगी वीस वर्षांची, आयटीआय केलेली, दुकानात माझ्या हाताखाली असते. मोटरी मी भरतो. ती फक्त जळकी तार काढते, टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजते, नवी तार टाकते, कनेक्शन करते आणि वार्निश लावते. बाकी सगळा भार माझ्यावर.

मी शांतपणे समजावलं की विमान शिकायला नागपूर कशाला, विमान गावात आलंय, बाप शिकवेल. ती म्हणाली, बाबा, तुम्हाले विमानाचं काय येते? जेवणाच्या ताटावर विचारायचा हा प्रश्न नव्हता.

मग पैज लागली. १५ ऑगस्टला इंजिन मी एकट्यानं चालू केलं तर प्रतीक्षा दुकानात राहील. नाही झालं तर मी सही करीन. ती म्हणाली, अजून एक. मधात मले एक बी गोष्ट विचारायची नाही. मदत मागतली का तुम्ही हरले. मी मंजूर म्हणालो. विमल साक्षीदार. विमलनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं की तिच्यावाचून तुम्हाले स्वतःचा चष्मा तरी सापडते काय. विषयाला सोडून बोलायची तिची सवय आहे.

९ जुलै, बुधवार.

वायरिंग सुरू. विमानाची मूळ वायर केसासारखी बारीक. उंदीर खाणारच. मी पाणबुडी मोटरीची चपटी केबल टाकली, तीनशे फूट खाली बोअरमध्ये टिकते ती. थोडी जाड आहे. आता सीटवर बसलं की पाय पोटाशी घ्यावे लागतात. पायलट लोक बारीकच असतात.

१३ जुलै, रविवार.

प्रतीक्षा सकाळच्या गाडीनं हिवरा आश्रमला गेली. मेहकरला गाडी बदलून. म्हणाली, दर रविवारी जाणार. मला बरं वाटलं. देवाधर्माकडे मन वळलं की नागपूरचं खूळ आपोआप उतरेल. संध्याकाळी आली तेव्हा नखं काळी होती. सेवेला भांडी घासायला देत असतील.

१७ जुलै, गुरुवार. दुपारी १.

आज पेट्रोलपंपाची टेस्ट. विहिरीवरून बादली आणली, पंप पाण्यात टाकला, बॅटरी दिली. चार फूट धार. फर्स्ट क्लास. कार्बोरेटरही त्याच पाण्यानं आतून धुऊन काढला, जुनं सामान धुतलेलं बरं. पाणी जरा पिवळं होतं. या दिवसांत विहिरीला गाळ येतोच.

विमल डबा घेऊन आली होती. विचारू लागली, पेट्रोलचा पंप पाण्यात काऊन बुडवला. मी सांगितलं की पंप तो पंप, पाण्यावर चालला की कशावरही चालतो. ती म्हणाली की मंग तुम्ही चहाऐवजी पेट्रोल प्या. अशिक्षित माणसाशी वाद घालायचा नाही, असा आज संकल्प केला. (ती दहावी आहे. मी नववी. पण अनुभव.)

२० जुलै, रविवार. संध्याकाळी ६.

पैज न मोडता एक माहिती हवी होती. प्रतीक्षा हिवऱ्याहून आल्यावर मी सहज बोललो की समजा, एखादा माणूस आहे, आपल्या ओळखीचा नाही, मेहकरकडचा समज, आणि त्याच्या पेट्रोलपंपातून येणारी वायर दोन रंगांची आहे, तर त्यानं प्लस कोणती धरावी.

ती म्हणाली, त्या माणसाले सांगा का पान एकशे बारा वाचा. मी म्हणालो की त्या माणसाला इंग्रजी येतं, पण त्याचा चष्मा बिघडलाय. ती म्हणाली, मंग त्या माणसानं हार मानावी.

माणूस मेहकरचा असल्यामुळे मला काही लागलं नाही.

२४ जुलै, गुरुवार. सकाळी ११.

मोठा दोष सापडला. बरं झालं वेळेवर सापडला.

तिन्ही दिवे सेन्सरवरून जोडले होते, जुन्या प्लगला जशा खुणा होत्या तसे. किल्ली फिरवली, तिन्ही लागले. मन प्रसन्न झालं. मग पंपाला बॅटरी दिली, तर दोन सेकंदांत पेट्रोलचा दिवा विझला. पंप चालू आणि दिवा बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इंजिन सुरू झालं असतं तर बाकीचे दोनही विझले असते.

असं कसं चालेल? पंचवीस वर्षं मी पेट्या लावतोय. लाल, पिवळा, निळा. तिन्ही दिवे लागले म्हणजे तिन्ही फेज आले. शेतकरी लांबून, बांधाच्या धुऱ्यावरून बघतो, तीन दिवे दिसले की निवांत विडी पेटवतो. एक दिवा विझला की मोटर जळाली म्हणून समजा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. आमच्या भागात दिवा विझणं चांगलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तेव्हा सेन्सरच काढून टाकले. तिन्ही दिवे सरळ बॅटरीला. आता बॅटरी जोडलेली आहे तोवर काहीही होवो, लागलेलेच. सेन्सर बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. उगाच मधेमधे नाक खुपसत होते.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

विमान बनवणाऱ्यांनी पंपाला वेगळं बटण दिलंय. पायलटनं आठवण ठेवून दाबायचं, आठवण ठेवून बंद करायचं. एवढ्या लांब विमान उडवणाऱ्या लोकांना साधा ऑटो माहीत नाही, याचं नवल वाटलं.

आपल्याकडे लाइट कधी येईल सांगता येत नाही. शेतात कोण जागत बसणार? म्हणून पेटीत ऑटो लावतो. लाइट आली की मोटर आपली आपण चालू. तसाच ऑटो इथं बसवला. किल्ली एकदा फिरवली की पंपानं पकड घेतली. मग किल्ली बंद केली तरी पंप सोडत नाही. बॅटरीत जीव आहे तोवर पेट्रोल बंद पडणार नाही. याला सेफ्टी म्हणतात.

२ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४.

आज डोकं फिरलं. निवृत्तीभाऊंनी मला न विचारता एका माणसाला आणलं. अविनाशराव. एअरफोर्समधून रिटायर, तीस वर्षं विमानांची इंजिनं पाहिली म्हणे. हिवरा आश्रमला राहतात. बारीक, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी.

पाटीसमोर उभे राहून ते म्हणाले, हे दिवे आता काऊन लागलेत? मी अभिमानानं सांगितलं की कायम लागतात. ते म्हणाले, मोतीरामजी, हे दिवे वाईट खबर सांगणारे आहेत. ऑइल गेलं की लागतो, पेट्रोल गेलं की लागतो. इंजिन ठीक असलं तर तिन्ही विझलेले पाहिजेत. तिन्ही लागले की पायलट घाम पुसत खाली उतरायला जागा शोधतो.

मी ऐकून घेतलं. निवृत्तीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की साहेब, तुमचं विमान वर असतं, आपलं खाली आहे. निवृत्तीभाऊंना पटलं. त्यांचं म्हणणं पडलं का विझलेले दिवे पाहायले गिऱ्हाईक कायले येईन.

घरी प्रतीक्षाला विचारलं, हिवऱ्याला कुणी अविनाशराव आहेत, पाहिलेत का. ती म्हणाली, हाव, दिसतात कधीमधी. आश्रम मोठा आहे, सगळ्यांची ओळख कशी होणार.

५ ऑगस्ट, मंगळवार.

प्रतीक्षा दोन दिवस विमलबरोबर मलकापूरला. मामाच्या मुलीचा साखरपुडा. एक मोटर अर्जंट, सोयाबीनला पावसानं ताण दिलाय, माणूस दारात बसून. म्हटलं, आज आपण स्वतः भरू. हात साफ राहतो.

तार आजकाल फार खराब येते. खाचेत जातच नाही. गेली तर दुसरीकडून निघते. टर्न मोजताना माणूस मधेच बोलतो. बावीसवरून पुन्हा एकवर. चार तासांत एक कॉइल, तीही वाकडी. माणसाला उद्या ये म्हणून सांगितलं.

डोळ्याला काही झालेलं नाही. उजेड कमी होता. दुपारचे बारा वाजले होते, पण ढगाळ.

७ ऑगस्ट, गुरुवार.

प्रतीक्षा आली. माझी कॉइल तिनं सोडवली आणि दोन तासांत मोटर भरून दिली. मी बाजूला बसून मार्गदर्शन केलं. तिची बोटं चालताना पाहिली की मला बरं वाटतं. टर्न मोजताना ओठ हलतात, लहानपणी पाढे म्हणायची तसे.

ही गेली तर या टेबलावर कोण बसणार? हे मी कुणाला बोललो नाही. इथंही लिहायला नको होतं.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ५.

फ्लेक्स लागला. हॉटेलपासून चौकापर्यंत सात फ्लेक्स. निवृत्तीभाऊंचा फोटो मोठा, खाली माझा, ‘विमानतज्ज्ञ मोतीराम’. फोटो आधार कार्डावरचा घेतलाय. चौकात तीन जणांनी विचारलं की विमान घेऊन मुंबईला कधी जाता. मी म्हणालो, बघू.

मनात एकदा आलं की निवृत्तीभाऊंना सांगावं, अविनाशरावांना एकदा सगळं पाहू द्या. पण मग प्रतीक्षा म्हणेल, मदत मागितली. तिला मागायची नाही हे ठरलंय, त्यांना मागायची नाही असं कुठं ठरलंय? पण सात फ्लेक्स आहेत. माघार घ्यायची तर सातही काढावे लागतील.

रस्ता एकच उरलाय, समोरचा. वाघासारखं जायचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

निवृत्तीभाऊंची सूचना: दिवे साधे लाल कशाला, झेंड्याच्या रंगाचे करा. जालन्याहून केशरी, पांढरा, हिरवा आणले. फार शोभतात.

आत बसून प्रॅक्टिस केली. वरचं काचेचं झाकण आतून उघडत नाही, मूठ लिलावाच्या आधीच कुणीतरी नेली. बाहेरून खिट्टी आहे. पाय पोटाशी, केबल गुडघ्याशी, झाकण डोक्याशी. निवृत्तीभाऊंना फोन आला आणि ते मला आत विसरून गेले. वीस मिनिटं काच ठोकली. शेवटी भाजीवाली पुष्पाबाई रस्त्यानं चालली होती, तिनं खिट्टी काढली. म्हणाली, अरे बापा, मले वाटलं बाहुला ठेवला हाय.

घाम आला होता, तो उकाड्याचा.

१४ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी २.

उद्याचा कार्यक्रम: ८ वाजता झेंडा. ९ वाजता विमानाची पूजा. ९.१५ मी आत. ९.२० इंजिन चालू. ९.३० सत्कार. १० वाजता प्रतीक्षाशी बोलणं: प्रेमानं, विजयाचा तोरा न दाखवता. नागपूरच्या पत्राला लॅमिनेशन करून देणार. आठवण म्हणून.

आतापर्यंत इंजिन एकदाही चालू केलेलं नाही. मुद्दामच. उत्सुकता राहते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ७.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

गर्दी चांगली, दोनशे माणूस. शाळेची पोरं, सरपंच. लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. निवृत्तीभाऊंच्या घरच्यांनी पंख्याला हार घातला, कुंकू लावलं, इंजिनच्या खाली पाटावर निरंजन लावलं, उदबत्त्या केळ्यात खोचल्या. नवी मोटर, नवा ट्रॅक्टर, काहीही असो, आपल्याकडे पूजेशिवाय सुरू होत नाही. मीच आठवण केली होती.

मी आत बसलो. निवृत्तीभाऊंनी झाकण लावलं, फोटोसाठी खिट्टी घातली. मी किल्ली फिरवली.

तिन्ही दिवे लागलेलेच होते. केशरी, पांढरा, हिरवा. टाळ्या पडल्या. मला वाटलं, बस, जिंकलो. पंपाचा आवाज सुरू झाला, घुंईंई. ठरवलं, पेट्रोल चांगलं चढू द्यावं, मग स्टार्टर दाबावा. तीस मोजायचे ठरवले.

बाराला पेट्रोलचा वास आला. अठराला समोर गर्दीत प्रतीक्षा दिसली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होती. मला वाटलं हार मानली पोरीनं, मनानं मोठी आहे. मीही हात हलवला. मग तिच्या मागे अविनाशराव दिसले, ते हातानं गळा कापल्यासारखं करत होते. त्यांचं मला विशेष वाटलं नाही.

मग खाली पाहिलं. इंजिनाखालून पेट्रोलची धार लागली होती, पाटाच्या दिशेनं. निरंजन तेवत होतं.

किल्ली बंद केली. पंप थांबला नाही. पुन्हा बंद केली. घुंईंई. ऑटो. मीच लावलेला. तिन्ही दिवे छान लागलेले. झाकण ढकललं, खिट्टी बाहेर. पाय हलवायला जागा नाही, केबल. काच ठोकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वास पोचला तसे सगळे मागे पळाले, निवृत्तीभाऊ सगळ्यात पुढे. लाऊडस्पीकर चालूच.

मी आत ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. विमल म्हणते, प्रतीक्षाचं नाव.

प्रतीक्षा पळत आली. आधी तिनं निरंजनावर तळहात दाबला, नुसता हात, मग उदबत्त्या उपसून लांब फेकल्या. मग इंजिनाच्या बाजूला वाकून बॅटरीची वायर ओढून काढली. दिवे विझले. पंप थांबला. मग खिट्टी काढली.

मी बाहेर आलो आणि खाली बसलो. तिच्या तळहातावर फोड आला होता. टर्न मोजणारा हात. मी तो बघत बसलो. फार घाबरलो होतो. हे लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

अविनाशरावांनी कार्बोरेटर उघडला. आत पिवळा गाळ. पेट्रोल अडवणारी सुई गाळानं अडकली होती, म्हणून भरून वाहत राहिलं. त्यांनी विचारलं की पेट्रोलमध्ये माती कशी गेली. विमल बोलणार होती. बोलली नाही. तिचे हे उपकार आहेत.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी १०.

रात्रभर विचार केला. पैजेचा निकाल तसा स्पष्ट नाही. इंजिन मी चालू केलं नाही, हे खरं. पण प्रयत्न प्रतीक्षानं मधे थांबवला, बॅटरी काढून. आणि मुख्य अट, मदत मागायची नाही, ती मी पाळली. आत ओरडलो, पण ते नाव होतं, मागणी नव्हती.

हे मी सकाळी मांडलं. प्रतीक्षा हाताला पट्टी बांधून चहा पीत होती. म्हणाली, ठीक हाय बाबा, तुमच्या मनानं.

भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट, रविवार. रात्री ९.

कालपासून प्रतीक्षा आणि अविनाशराव विमानावर. तिथंच कळलं की ती रविवारी हिवऱ्याला कशासाठी जात होती. अविनाशरावांच्या अंगणात एक जुनं इंजिन आहे, ते उघडायचं आणि लावायचं. आश्रमात ती एकदाच गेली, गेटपर्यंत. काळ्या नखांचा खुलासा झाला.

माझी केबल काढून बारीक वायर टाकली. सेन्सर बिस्किटाच्या डब्यातून परत जागेवर. ऑटो काढला, बटण लावलं. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो, कुणी काही विचारलं तर सांगायला. कुणी विचारलं नाही. एकदा तिनं माझ्याकडे पक्कड मागितली. मी दिली.

अकरा वाजता तिनं किल्ली फिरवली. तिन्ही दिवे लागले. पंप, बटणानं. मग इंजिन घरघरलं, खोकललं आणि धरलं. पंखा दिसेनासा झाला, अंगावर वारा. आणि दिवे एकामागून एक विझले. जमलेल्या लोकांनी ‘अरेरे’ केलं. निवृत्तीभाऊ म्हणाले, गेली बे लाइट. मी त्यांना समजावून सांगितलं की भाऊ, आता सगळं ठीक आहे, म्हणून विझले. हे माझ्या तोंडून निघालं आणि अविनाशराव हसले. बरा माणूस आहे.

संध्याकाळी सही केली. हरलो म्हणून नाही. निकाल राखून ठेवला आहे आणि पोरगी तात्पुरती पाठवत आहे. विमलसमोर असं स्पष्ट बोललो.

१८ ऑगस्ट, सोमवार.

प्रतीक्षा निघाली. पहाटेच्या गाडीनं मेहकर, तिथून नागपूर. मी मेहकरपर्यंत सोडायला गेलो. तिला सांगितलं की पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, करीन. त्याच्यानंतर अडचण आली तरच करीन, फोन नाही आला तर समजा का सगळं ठीक हाय. मी म्हणालो, म्हणजे तुझ्या त्या दिव्यांसारखं. ती हसली. गाडी लवकर सुटली. ड्रायव्हरला काही घाई नव्हती, तरी.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

पोचल्याचा आला होता, त्यानंतर फोन नाही. म्हणजे सगळं ठीक.

दुकानात नवा संकल्प: रोज एक मोटर स्वतः भरायची. आज नाही. आज पोळ्याच्या सामानाला गेलो.

२४ ऑगस्ट, रविवार.

फोन नाही. सगळं ठीक आहे. विमलला हे पटत नाही, ती दर तासाला फोनची बॅटरी बघते. मी तिला दिव्यांचं पूर्ण शास्त्र समजावलं. ती म्हणाली, तुम्ही काऊन मंग फोन खिशात घेऊन न्हाणीत गेले?

२६ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ११.४०.

साडेसात एचपीची मोटर, माणूस दारात बसलेला. खोलल्यावर जुनी तार पूर्ण जळालेली, टर्न मोजता येईनात. किती होते? ती आकडे लिहायची त्या वहीत असेल, पण वही तिनं नेली. नवीन चष्मा आणलाय, त्यानंही तार दोन दिसते. अकरा वाजेपर्यंत बसलो.

मग नागपूरला फोन लावला. वर्गात होती, बाहेर येऊन बोलली. घाबरून विचारलं, बाबा, काय झालं. मी म्हणालो की काही नाही, सगळं ठीक आहे. मग सांगितलं की मोटर साडेसातची आहे, मला दिसत नाही, टर्न किती टाकू.

तिनं आकडा सांगितला, आणि म्हणाली, हळू टाका, अन् मोजताना कोणाशी बोलू नका. मी हो म्हणालो. विचारलं, हात कसा आहे. ती म्हणाली, फोड वाळला.

फोन ठेवला. विमल दारात उभी होती, डबा घेऊन. पैजेची साक्षीदार तीच.

हरलो.